सवलतीत बसणारं घर

सरकारच्या दृष्टीने मी गरीब आहे, ही आनंदाची बातमी मला शेजारच्या काकांनी दिली.

हे काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांना 'परिशिष्ट' म्हणतात. कारण कुठलंही बोलणं संपलं, माणसं उठली, चपला घालून झाल्या, की त्यांना एक मुद्दा आठवतो. त्या दिवशीही ते दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"एक राहिलंच. तुमचं उत्पन्न फार कमी आहे ना हो?"

मी नळ आणि पाइप विकणाऱ्या एका कंपनीत हिशेबनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाकडे बघून बघून माझ्या चेहऱ्यावर एक प्रकारची सुबत्ता आली आहे, असं मला वाटत होतं. त्यामुळे हा प्रश्न लागला. पण काका टोमणा मारत नव्हते. पहिलं घर घेणाऱ्या अल्प उत्पन्नवाल्यांना सरकार करात सवलत देतं, म्हणजे कर्जाच्या व्याजाएवढी रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि नोंदणीचा खर्चही निम्मा होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"आमच्यासारख्यांना नाही मिळत ते," काका खिन्नपणे म्हणाले. "तुम्ही नशीबवान."

आता घर आम्ही बघूनच ठेवलं होतं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि श्वास आत ओढून उभं राहिल्यास एक माणूस मावेल अशी गॅलरी. आम्ही विसार दिला होता, आणि वर्ष संपायच्या आत खरेदीखत झालं नाही तर तो बुडणार होता. अडचण एवढीच, की बँकेचा हप्ता आणि आमची ऐपत यांच्यात एक फट होती. मी ती फट रोज रात्री जेवणानंतर मोजत असे. कधी किराण्यातून भरून काढे, कधी पेट्रोलमधून, एकदा तर केस कापण्यातूनही काढून पाहिली. फट होती तेवढीच राहायची. काकांच्या त्या सवलतीचा आकडा मांडून बघितला, तर तो त्या फटीत असा बसला, जणू सुताराने माप घेऊन पाचर ठोकली होती.

म्हणजे सवलत मिळाली तर घर, नाही तर विसारही गेला. इतकं साधं होतं.

त्या आठवड्यात माझ्याजवळ दोन फायली होत्या. एक बँकेची, एक कर कार्यालयाची. दोन्हींत पगाराची एकच पावती. बँकेतल्या बाईंनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "उत्पन्न जरा कमीच वाटतंय हो." त्याच दुपारी कर कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसाने तीच पावती बघून मान हलवली. "उत्पन्न जरा जास्तच वाटतंय." मी एकाच दिवसात दोनदा अपमान करून घेतला, आणि दोन्ही वेळा 'थँक यू' म्हणालो. बँकेत जाताना इस्त्रीचा शर्ट आणि कर कार्यालयात जाताना कॉलर उसवलेला, अशी सोय मी पुढे केली. शर्ट कंपनीच्या जिन्यात बदलायचो. एकदा घाईत शर्टांची अदलाबदल झाली, तेव्हा बँकेतल्या बाईंनी मला पाणी विचारलं.

शेवटी बँक मानली. राहिलं सवलतीचं प्रमाणपत्र. त्यासाठी एक करसल्लागार गाठले. झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांचं ऑफिस. हे गृहस्थ पडद्यावरून नजर काढत नसत, त्यामुळे आपण त्यांच्याशी बोलतोय की त्यांच्या कानाशी, हा संभ्रम राही. ते फक्त 'हं' म्हणत. पण त्या 'हं'चे भाव वेगवेगळे असत, आणि ते ओळखायला आम्ही लवकरच शिकलो.

"दोघांच्या नावावर आधीचं घर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"घर कसलं," मी म्हणालो. "आमच्या नावावर गॅसची शेगडी आहे."

त्यांनी बायकोचं नाव टाईप केलं. मग जो 'हं' आला तो चांगला नव्हता.

बायकोचं नाव एका खोलीवर निघालं. तिच्या भावाचं, म्हणजे दादाचं, काचेचं दुकान आहे. आरसे, तसबिरींच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं. त्या दुकानाच्या वर एक खोली आहे. सासऱ्यांनी ती घेताना दोन्ही मुलांची नावं लावली होती, आणि मग सगळेच विसरले. गेली कित्येक वर्षं तिथे दादाच्या फुटक्या चौकटी राहतात.

"अहो पण ते गोदाम आहे," बायको म्हणाली.

"मोरी आहे का?"

"आहे."

"खिडकी?"

"आहे."

"मग ते घर आहे," सल्लागार पडद्याला म्हणाले. "तुमचं हे दुसरं घर होईल."

परतताना मी बायकोकडे जरा नव्या नजरेने पाहिलं. इतकी वर्षं मी एका मालमत्तेच्या मालकिणीबरोबर संसार करतोय आणि तिला भाजी आणायला मंडईच्या त्या टोकाला पाठवतोय, कारण तिकडे स्वस्त मिळते.

उपाय सोपा होता. तिने आपला अर्धा हिस्सा दादाला फुकट लिहून द्यायचा. दादा खोली वापरतोच आहे. त्याला आनंद होईल, आपलं काम होईल. फुकट देणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, असं मला त्या रविवारी सकाळी दुकानाची पायरी चढेपर्यंत वाटत होतं.

"फुकट?" दादाने काच कापायचा हिरा खाली ठेवला.

"फुकट."

"का?"

मी सवलतीचं सगळं समजावून सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं काचा विकतोय. आत आलेला माणूस आरसा घ्यायला आलाय की नुसता भांग पाडायला, ते मला दारातच कळतं. खरं काय ते सांगा."

"हेच खरं आहे."

"तुम्ही पाइपच्या कंपनीत आहात."

"आहे. मग?"

"पाइपलाइन कुठून जाणार ते तुम्हाला आधी कळत असेल."

मी नाही म्हणालो, तर त्याला वाटलं लपवतोय. हसलो, तर वाटलं, सापडल्यामुळे हसतोय. दादाच्या डोक्यात चित्र तयार झालं होतं. आमच्या कंपनीचे जाडजूड पाइप त्याच्या दुकानाखालून जाणार, खणताना भिंत खचणार, दुरुस्तीचा सगळा भार मालकावर पडणार. आणि हे आधीच ठाऊक असल्यामुळे हा हिशेबनीस बायकोचं नाव गुपचूप काढून घेतोय.

"चिमणे, तुझं नाव राहू दे गं," तो बहिणीला मायेने म्हणाला. "बाबांनी लावलंय ते. जे होईल ते दोघं मिळून सोसू."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मधल्या आठवड्यात दादाने एका गवंड्याला बोलावून भिंती ठोकून घेतल्या होत्या. भिंती ठणठणीत निघाल्या, त्यामुळे त्याचा संशय आणखी वाढला. वहिनींनी आमच्यासमोर चहा ठेवला आणि "भाऊजी, तुम्हीसुद्धा?" अशा नजरेने माझ्याकडे बघत आत गेल्या. मी म्हणालो, वकिलाचा खर्चही मी देतो. ही माझी मोठी चूक. दादाने दुसऱ्याच दिवशी खोलीला जादा कुलूप लावलं.

परिशिष्टकाकांना हे कळलं तेव्हा त्यांनी भावनेवर भर द्यायचा सल्ला दिला. बहिणीने रडावं. बायको म्हणाली, फुकट देतेय आणि वर रडू? मग तर दादा पोलिसांनाच बोलावेल. काका गेले, दारापर्यंत पोचले आणि वळले. "एक राहिलंच. पाइपलाइन खरंच जाणार नाहीये ना?"

बायको दाताच्या डॉक्टरांकडे अर्धवेळ बसते, नावं लिहून घ्यायला. त्यामुळे समोरच्याला कुठे दुखतंय हे तो तोंड उघडायच्या आधी तिला कळतं. तिसऱ्या रविवारी तिने मला घरीच ठेवलं.

"तुम्ही आलात की तो पाइप बघतो," ती म्हणाली.

ती एकटी गेली. मग काय झालं ते तिने मला इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथे हजर होतो असंच आता मला वाटतं. दुकानात शिरताच ती म्हणाली, "दादा, मला पैसे हवेत. माझा अर्धा हिस्सा तू घे, नाही तर मी बाहेर विकते." आणि तिने असा आकडा सांगितला, की चौकटीला खिळे मारणारा माणूससुद्धा थांबला.

दादाचा चेहरा खुलला. कित्येक दिवसांत तो इतका मोकळा दिसला नव्हता. बहिणीला पैसे हवेत, बहीण जास्त मागतेय. हे त्याला कळणारं जग होतं. "एवढे? वेड लागलंय तुला," तो आनंदाने म्हणाला. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी चहाबरोबर बिस्किटंही आणली. दोघं भावंडं दुपारभर घासाघीस करत बसली. बाबांची आठवण निघाली, लहानपणी कोणी कोणाची पेन्सिल चोरली ते निघालं. शेवटी दादाने आकडा खाली आणला आणि आपण बहिणीला कसं गुंडाळलं या समाधानात त्याच आठवड्यात सह्या करून पैसे दिले.

आम्ही त्या पैशांतून नोंदणीच्या खर्चाची सोय केली. बायकोच्या नावावर आता काही नव्हतं. मी तिला म्हणालोसुद्धा, "अभिनंदन, तू बेघर झालीस." ती दोन दिवस खुशीत होती.

मग आम्ही सल्लागारांकडे गेलो. त्यांनी खोलीची नोंद काढून टाकली, विक्रीची रक्कम भरली, एक कळ दाबली आणि म्हणाले, "हं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"विक्रीतला नफा तुमच्या यंदाच्या उत्पन्नात धरला जातो," ते म्हणाले. "सवलतीची मर्यादा ओलांडली तुम्ही."

"कितीने?"

त्यांनी आकडा सांगितला. एक साधा टेबल पंखा येईल एवढा. बायकोने दादाकडून शेवटच्या फेरीत, उठता उठता, जे वाढवून घेतलं होतं, तेवढाच. एका टेबल पंख्याने आम्हाला श्रीमंतांत ढकललं होतं.

"परत देऊ का दादाला?" मी विचारलं.

"तुम्ही पैसे परत द्यायला गेलात," बायको म्हणाली, "तर तो दुकान सोडून पळेल."

सल्लागारांनी तेवढ्यात पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. त्यांचे डोळे घारे होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "तुम्हाला वर्षअखेरीला बोनस मिळतो ना? साहेबांना सांगा, पुढच्या महिन्यात द्या. नव्या वर्षात जाईल तो. यंदाचं उत्पन्न आपोआप मर्यादेत येईल. एवढं कोण नाही म्हणेल?"

खरंच, कोण नाही म्हणेल? मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये शिरलो. साहेब कुठल्याशा नळाची चकती डोळ्याला लावून बघत होते.

"साहेब, यंदाचा बोनस जरा पुढच्या महिन्यात मिळाला तर बरं होईल."

साहेबांनी चकती खाली ठेवली. "दार लाव."

इथे आमच्या कंपनीचा एक नियम सांगायला हवा. बोनस घेताना प्रत्येकाने एका कागदावर सही करायची, की पुढचे सहा महिने मी नोकरी सोडणार नाही. आमचे दोन विक्रेते एका वर्षी बोनस खिशात घालून समोरच्या दुकानात रुजू झाले, तेव्हापासून हा कागद आला. तो मीच टाईप केला होता. आणि बोनस लांबवणं म्हणजे ही सही टाळणं, हे दार लावेपर्यंत मला सुचलं नाही.

"समोरच्यांनी बोलावलं तुला?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"नाही साहेब. घर घेतोय. सवलतीसाठी उत्पन्न थोडं कमी दिसायला हवं."

"मग कमी दाखव की."

"दाखवायचं नाही साहेब. खरोखर कमी करायचंय."

साहेबांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की त्यांची मला दया आली. उत्पन्न कमी दाखवणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, पण उत्पन्न खरोखर कमी घेणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. त्यांना तो खोटारडा वाटला.

"बरं," ते म्हणाले. "तुला बोलायचं नाही, नको बोलूस. किती देतायत ते?"

"कोणीच काही देत नाही हो."

"म्हणजे बरंच देतायत."

मी घामाघूम होऊन बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर मला बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक पत्र हातात दिलं. माझी इतक्या वर्षांची निष्ठा लक्षात घेऊन मला दरमहा विशेष भत्ता मंजूर झाला होता. तोही वर्षाच्या सुरुवातीपासून, मागच्या सगळ्या थकबाकीसकट. शिवाय बोनस आजच. रोख.

मी पत्रातला आकडा वाचला आणि जीव तोडून म्हणालो, "साहेब, एवढं नको."

साहेबांनी डोळे बारीक केले. मग पेन काढलं, तो आकडा खोडला आणि वर त्याहून मोठा लिहिला. "आता?"

मी पत्र घाईघाईने खिशात घातलं. आणखी एकदा नको म्हणालो असतो, तर भागीदारच झालो असतो. मागून टाळ्या पडल्या. बोनसच्या कागदावर सही करताना मी रुमालाने तोंड पुसलं. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

सल्लागारांनी पत्र वाचलं आणि या वेळी 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी आमची फाईल बंद केली. "तुम्ही आता कशातच बसत नाही."

घरी जाताना जिना चढता चढता मी बायकोला ही बातमी कशी द्यायची याचे तीन प्रकार तयार केले, आणि दार उघडताच तिन्ही विसरलो. सवलत गेली, म्हणालो. पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि मोजे न काढताच खुर्चीत बसलो. डोळ्यांसमोर विसार दिसत होता. ती गॅलरी दिसत होती, जिच्यात मी श्वास आत ओढून उभा राहणार होतो.

बायकोने पत्र वाचलं. मग विजेच्या बिलाच्या पाठीवर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"अहो, हिशेबनीस."

"काय?"

"हा भत्ता त्या सवलतीपेक्षा जास्त आहे."

मी उठून बिल बघितलं. मग माझं पेन घेऊन स्वतः मांडलं. जास्त कर धरला, नोंदणीचा पूर्ण खर्च धरला, सल्लागारांची फी धरली. फट भरून निघत होती, आणि वर थोडं शिल्लक राहत होतं. जे दिवसभर कंपनीच्या नफ्यातोट्याची बेरीज करतं, ते डोकं स्वतःच्या पगारवाढीला नुकसान समजून घामाघूम झालं होतं. ही गोष्ट मी ऑफिसात अजून कोणाला सांगितलेली नाही.

"म्हणजे सवलत न घेता घर येतंय?" बायकोने विचारलं.

"येतंय."

"मग आपण इतके दिवस काय करत होतो?"

मुदत संपायच्या आत खरेदीखत झालं, पूर्ण शुल्क भरून. नोंदणी कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसाने "सवलत नाही घेतली?" असं विचारलं, तेव्हा मी शक्य तितक्या सहजपणे "आम्हाला बसत नाही ती" म्हणालो, आणि हे वाक्य मला इतकं आवडलं की बाहेर रांगेतल्या दोघांना मी ते आपणहून सांगितलं. परिशिष्टकाका सामान हलवायला आले. निघताना दारातून वळून म्हणाले, "एक राहिलंच. तुम्ही एवढे पैसेवाले आहात हे बोलला नाहीत कधी." आवाजात थोडी नाराजी होती.

नव्या घरात पहिल्या रात्री खोकी उघडताना बायकोने साहेबांचं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. या विशेष भत्त्याचा दरवर्षी नव्याने विचार केला जाईल.

"म्हणजे पुढच्या वर्षी काढूही शकतात?"

"मी कुठे जात नाहीये असं त्यांना वाटलं, तर काढतील."

बायकोने थोडा विचार केला. "मग दरवर्षी जायला निघायचं," ती म्हणाली. "जायचं नाही. नुसतं निघायचं."

तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा तरी दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जातो आणि कोणी विचारलं तर "कुठे काय, सहज" म्हणतो. दुपारी चारच्या सुमाराला माझा फोन वाजतो. मी इकडेतिकडे बघतो, उठतो आणि तोंडावर हात धरून, साहेबांच्या काचेसमोरून हळूहळू बाहेर पॅसेजमध्ये जातो. साहेब मान वर करून माझ्याकडे बघत राहतात.

"हां, बोला," मी म्हणतो.

"कांदे, अंगाचा साबण आणि उद्याचा ब्रेड," पलीकडून बायको सांगते.

"विचार करायला मला थोडा वेळ द्यावा लागेल."

"सातच्या आत करा. दुकान बंद होतं."

मी गंभीरपणे मान हलवतो, फोन खिशात घालतो आणि जागेवर येऊन बसतो. मग काही वेळाने केबिनमधून माझ्यासाठी वेगळा चहा येतो. तो मी सावकाश पितो. कर्ज फिटायला अजून बरीच वर्षं आहेत, आणि घाईघाईने चहा पिणारा माणूस दुसरीकडे जाईल असं कोणालाच वाटत नाही.